धक्का आतून की वरून

"मॅडम, एवढंच सांगा. हे आतून येतंय का वरून?"

काशिनाथ भोईर गोठ्याच्या दारात उभे राहून विचारत होते. मी गुडघ्यांवर बसून जमिनीवरचा शेणमातीचा थर खरवडत होते. खाली कातळ लागायला हवा होता. लागला. काळा, घट्ट, हातोडी मारली की टणक आवाज देणारा. मला हवा होता तसाच.

"यंत्र बसू दे, काका. मग सांगते."

"किती दिवस लागतील?"

"थोडे दिवस ऐकावं लागेल."

 ते दारातून हलले नाहीत.

मी भूकंपमापनाचं काम करते. शिक्षण भूभौतिकीचं, म्हणजे जमीन न खोदता तिच्या पोटातलं ओळखायचं शास्त्र. माझं लहानपण उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये गेलं आणि आता घर अंबरनाथ पूर्वेला आहे. नोकरीत देशभर फिरले, पण घराच्या इतक्या जवळचं काम पहिल्यांदाच आलं होतं. वांगणी स्टेशनपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा आहे. पाड्याच्या एका बाजूला स्वस्त घरांच्या नव्या इमारती, दुसऱ्या बाजूला दगडाची खाण. दोन-तीन महिन्यांपासून तिथे धक्के बसत होते. भांडी वाजायची. शाळेच्या एका वर्गाची भिंत तडकली होती. नव्या इमारतींमधली माणसं रात्री खाली येऊन बसायला लागली होती.

खाणवाले म्हणत होते भूकंप आहे. पाड्यातले म्हणत होते खाणीचे सुरुंग आहेत. मोबाइलवर तिसरंच फिरत होतं. डोंगराखाली लाव्हा उकळतोय, कधीही फुटेल, घरं सोडा. तहसील कचेरीने आमच्या ऑफिसला पत्र पाठवलं आणि मे महिन्याच्या उन्हात मी यंत्रं घेऊन निघाले.

यंत्रं तीन होती. एक शाळेत, एक वन खात्याच्या चौकीत आणि एक भोईरांच्या रिकाम्या गोठ्यात. तीन कशासाठी, तर धक्का कुठून आला हे एका यंत्राला नीट सांगता येत नाही. यंत्र दिसायला साधं असतं, जाड स्टीलच्या डब्यासारखं. आत स्प्रिंगला टांगलेलं एक वजन असतं. जमीन हलते, डबा हलतो, वजन मात्र जागच्या जागी राहू बघतं. दोघांमधला फरक रेकॉर्डर टिपून ठेवतो. माणसाच्या पायाला कधी कळणार नाही इतकी हालचालही त्याला कळते. म्हणून ते मातीवर न ठेवता कातळावर ठेवायचं आणि वर्दळीपासून लांब.

डबा सिमेंटने पक्का केला आणि हात धुवायला घरात गेले. मागची खोली अंधारी होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर कौलं, माळ्यावर पितळेची मोठी भांडी. भिंतीला लागून पलंग आणि पलंगावर काशिनाथकाकांची बायको. सुमनकाकू. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. ऐकू मात्र सगळं यायचं.

"डॉक्टर बोलले, हिला जास्त हलवू नका," काका म्हणाले. "धक्का बसला की बाकी सगले अंगणात पलतात. मी हितं बसतो. ही माझा हात धरून ठेवते. डाव्या हाताला अजून जोर हाय."

मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"खाणीचं असंल तर मी काय घाबरत नाय," काका पुढे म्हणाले. "खाण आज ना उद्या बंद होईल. आतून असंल तर मना काय तरी करावं लागंल. पण काय करू, ते समजत नाय. म्हणून इचारतो."

आजवर मला हा प्रश्न पत्रकारांनी विचारला होता, अधिकाऱ्यांनी विचारला होता. इतक्या सरळ कारणाने कोणी विचारला नव्हता.

पहिल्या काही दिवसांचा डेटा काढला तेव्हा चित्र स्वच्छ वाटलं. धक्के दुपारी, खाणीचा भोंगा झाल्यानंतर. तिन्ही यंत्रांवर सारखाच आकार.

इथे थोडं समजावून सांगते. जमिनीत धक्का बसला की दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली ढकलत जाणारी, वेगवान. दुसरी आडवी हलवत जाणारी, तिच्यापेक्षा सावकाश. एकाच घरातून एक जण बाइकवर निघाला आणि एक चालत, तर घर जितकं लांब तितका दोघांच्या पोचण्यात फरक जास्त. तसंच हे. दोन लाटांमधलं अंतर मोजलं की धक्का किती लांबून आला ते कळतं. खाण गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सुरुंगाच्या दोन्ही लाटा जवळजवळ एकत्रच पोचत होत्या. शिवाय सुरुंग सगळ्या बाजूंना बाहेर ढकलतो. त्याची आडवी लाट मरतुकडी असते.

पुण्याला जोशी सरांना फोन केला. ते माझे वरिष्ठ.

"सुरुंगच आहेत, सर. दारूही जास्त भरतायत असं दिसतंय."

"छान. अजून पंधरवडा रेकॉर्ड कर, मग रिपोर्ट."

खाणीच्या मॅनेजरला भेटले. नम्र माणूस होता. पंख्याखाली बसवलं, ताक दिलं.

"मॅडम, आम्ही नियमात काम करतो. लोकांना काय, जरा ग्लास हलला की आमचं नाव."

"ग्लास तुमच्यामुळेच हलतोय," मी म्हटलं. त्याने वाद घातला नाही.

बाहेर रमेश थांबला होता. काशिनाथकाकांचा पुतण्या. वांगणी स्टेशनवर रिक्षा चालवायचा. नव्या इमारतीत त्याने वन रूम किचन घेतलं होतं आणि खाणीविरुद्धच्या अर्जावर पहिली सही त्याची होती.

"काय बोलतो, ताई?"

"रिपोर्ट येऊ दे."

"तुमच्या तोंडावरनंच समजलं," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. "आपली माणसं असली की फरक पडतो."

तेव्हाच त्याला थांबवायला हवं होतं. पण काम सरळ चाललेलं असताना ते सुचत नाही.

अमावस्या आली. त्या दिवशी खाण बंद असते, कामगारांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात लॅपटॉप उघडून बसले. काका चहा घेऊन आले आणि बाजूच्या पाटावर टेकले.

"काल सकाली एक बसला," ते म्हणाले. "लहान होता. खाण तर बंद होती."

स्क्रीनवर तो होता. दोन्ही लाटा वेगळ्या, मधे स्पष्ट मोकळी जागा. आडवी लाट जोरदार. मी चौकीचा डेटा लावला, शाळेचा लावला. तिन्हीकडे तेच. उगम खाणीत नव्हता. डोंगराखाली होता, काही किलोमीटर खोल. मग आधीचे दिवस पुन्हा नीट चाळले. सुरुंगांच्या गर्दीत तसेच आणखी काही सापडले. बारीक, बहुतेक कोणाला जाणवलेही नसतील असे.

 काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. दुसऱ्याच जागी.

"हे लांबलचक काय हाय?"

"ते इथलं नाही. दक्षिण अमेरिकेजवळ समुद्राखाली मोठा भूकंप झालाय. त्याची लाट पृथ्वीच्या मधून इथपर्यंत आली."

"मधून?"

"हो. तिकडून इकडे यायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत."

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे आत बसून सांगाल का? ती पण ऐकंल. पोरं मोबाइलवर लाव्हा लाव्हा करतात, तिला झोप लागत नाय."

आम्ही मागच्या खोलीत जाऊन बसलो. मी पलंगाच्या पायथ्याशी, काका उशाशी.

"काका, तुम्ही काय काम करायचा?"

"अंबरनाथला फाउंड्रीत होतो. भट्टीवर."

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. भट्टीत माल वितळला की वर काय येतं?"

"स्लॅग. लोखंड जड, ते खाली बसतं. स्लॅग वर तरंगतो."

"पृथ्वीचंही तेच झालं. सुमारे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती फिरणारे दगड आणि धूळ एकमेकांवर आपटून पृथ्वी तयार झाली. आपटण्याने इतकी उष्णता झाली की ती बरीचशी वितळली. लोखंड खाली, म्हणजे मध्यावर गेलं. हलका दगड वर राहिला. हे लवकर झालं. सुरुवातीच्या तीनेक कोटी वर्षांतच."

"तीन कोटी म्हंजे लवकर?"

"साडेचारशे कोटींच्या मानाने लवकर."

काकांनी मान डोलावली.

"मधल्या लोखंडाला गाभा म्हणतात. त्याच्यावर दगडाचा जाडजूड थर, त्याला प्रावरण म्हणतात. सगळ्यात वर आपण राहतो ते कवच, सायीएवढं पातळ. आता काकू, हे ऐका." मी त्यांच्याकडे वळले. "प्रावरण म्हणजे उकळता लाव्हा नाही. ते तापलेलं आहे, पण घट्ट दगडच आहे. कशावरून, तर आडवी लाट पातळ पदार्थातून जात नाही. आणि ती प्रावरणातून व्यवस्थित जाते. सगळ्या जगातली यंत्रं रोज हे बघतात. इथल्या डोंगराखालीही घट्ट दगडच आहे. पातळ लोखंड आहे ते गाभ्याच्या बाहेरच्या भागात, आणि ते इथून खाली जवळजवळ तीन हजार किलोमीटरवर. ते वर येत नाही."

काकूंची नजर माझ्यावरून काकांकडे गेली आणि परत आली.

"आनि एकदम मध्ये?" काकांनी विचारलं.

"एकदम मध्ये लोखंडाचा घट्ट गोळा आहे. आधी तो नव्हता. सगळंच लोखंड पातळ होतं. थंड होत होत मधून गोठायला लागलं. ते कधी सुरू झालं यावर अजून वाद आहे. कोणी पन्नास कोटी वर्षं म्हणतं, कोणी शंभर कोटींच्या वर. म्हणजे सगळ्यात आतला थर त्याच्याभोवतीच्या थरांपेक्षा लहान आहे वयाने. आणि तो अजून वाढतोय."

"बाहेरून नाय गोठत?"

"नाही. आत दाब इतका आहे की तिथे आधी गोठतं."

"आमच्याकडं कास्टिंग बाहेरून गोठायचं," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "म्हंजे भट्टी अजून चालूच हाय."

"चालू आहे. फार सावकाश थंड होतेय."

"आनि हा आपला कातळ?"

"हा त्या मानाने कालचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा आला, थरावर थर साचले. तोच गोठून हा दगड झाला. त्याला आता कोणी उकळवत नाहीये."

 मला उठता आलं असतं. लाव्ह्याची भीती गेली होती, तेवढं सांगून निघाले असते तर चाललं असतं. पण काकांनी पहिल्या दिवशी जे विचारलं होतं त्याचं उत्तर अजून बाकी होतं.

"काका, कालचा धक्का सुरुंग नव्हता."

त्यांनी काकूंचा हात धरला.

"बहुतेक धक्के खाणीचे आहेत. पण थोडे खरे भूकंप आहेत. लहान. ते गाभ्यातून येत नाहीत, प्रावरणातूनही नाही. वरच्या कवचातच जुन्या फटी असतात, त्या जराशा सरकतात."

"मोठा होईल?"

"ते मला सांगता येत नाही. कोणालाच येत नाही. बहुतेक वेळा असे लहान धक्के येतात आणि थांबतात. बहुतेक वेळा."

काकांनी ते दोन शब्द ऐकले. मला दिसलं.

संध्याकाळी जोशी सरांशी बोलले.

"तहसीलदारांना एक वाक्य हवंय," सर म्हणाले. "सुरुंग की भूकंप. तू दोन्ही लिहिलंस तर खाणवाला तोच कागद फडकवत फिरेल."

"पण दोन्ही आहे, सर."

"खरे किती?"

"थोडे. लहान."

"मग मागे अ‍ॅनेक्शरमध्ये टाक."

"अ‍ॅनेक्शर कोण वाचतं?"

"कोणी नाही. म्हणून तर सांगतोय." ते थांबले. "हे बघ, मला खाणवाल्याची काळजी नाही. सुरुंग थांबले पाहिजेत हे तुलाही पटतंय. लोकांना मदत होईल असं लिही."

सर वाईट माणूस नव्हते, आजही नाहीत. त्यांचं म्हणणं मला रात्रभर पटत होतं. सकाळी मात्र ती मागची खोली डोळ्यांसमोर आली. तिथल्या माणसाला खाण बंद झाली म्हणून निश्चिंत करायचं, हे मला जमेना.

रिपोर्टच्या पहिल्याच पानावर दोन्ही लिहिलं. सुरुंग मर्यादेबाहेर आहेत, ते थांबवावेत. शिवाय स्थानिक भूकंपाचे सौम्य धक्के आहेत, जुन्या दगडमातीच्या घरांची तपासणी करावी. सरांनी वाचलं.

"सही मी करतो," ते म्हणाले. "फोन तू घ्यायचे."

फोन आले. सरांना वाटलं होतं तेच झालं. खाणवाल्यांनी दुसरं वाक्य तेवढं उचललं आणि हरकत घेतली. आदेश निघायला उशीर झाला. त्या मधल्या दिवसांत शाळेची तडकलेली भिंत आणखी उघडली, वर्ग बंद करावा लागला. रमेशने फोन केला.

"ताई, तुम्ही आमच्या बाजूच्या होतात ना?"

"रमेश, जे आहे ते लिहिलं."

"आम्ही उन्हात मोर्चा काढला. तुम्ही एक ओळ लिहून त्यांना सोडवलं."

मी समजावायचा प्रयत्न केला. त्याने फोन ठेवला. नंतर पाड्यात गेले की तो तोंड फिरवून रिक्षा पुढे काढायचा.

काशिनाथकाका मात्र रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "आता मी काय करू?"

मला घरं बांधण्यातलं फार कळत नाही. बदलापूरला एक ओळखीचे स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, त्यांना घेऊन गेले. त्यांनी मागची खोली पाहिली, भिंतीच्या कोपऱ्यात हात घातला. मातीचा भुगा हातात आला.

"काका, ही खोली सोडा," ते म्हणाले. "ही भिंत जुनी आहे, जड आहे. पुढे पत्र्याची पडवी आहे, पलंग तिथे घ्या. पत्रा हलका असतो."

"पत्र्यावर पाऊस वाजतो. तिला झोप यायची नाय. आनि डॉक्टर बोलले हलवू नका."

"एकदाच हलवायचं," मी म्हटलं. "सावकाश."

काका काकूंच्या तोंडाजवळ वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "जायचं पुढं?" काकूंनी डोळे मिटले आणि उघडले. त्यांच्यात हीच खूण होकाराची होती.

शेजारच्या दोन बायकांनी आणि आम्ही मिळून पलंग उचलला. काकू सबंध वेळ काकांचा हात धरून होत्या. पडवीत आल्यावर त्यांना उजेडाने डोळे उघडवेनात. किती महिन्यांनी त्यांनी अंगण पाहिलं होतं, कोण जाणे. काकांनी पत्र्याखाली जुनी पोती आणि ताडपत्री ठोकली, आवाज कमी व्हावा म्हणून. माळ्यावरची भांडी उतरवून जमिनीवर मांडली.

जूनच्या सुरुवातीला खाणीला काम थांबवण्याचा आदेश निघाला. पुढे पावसाने ती तशीही पाण्याने भरली. पाड्याने पेढे वाटले. मला कोणी बोलावलं नाही.

श्रावणात एका दुपारी रमेशचा फोन आला. इतक्या दिवसांनी.

"ताई, काकाची मागची भिंत पडली."



"काकी बरी हाय," तो घाईने म्हणाला. "पडवीत होती ना. काका पण बरा हाय. भिंत सगली आत पडली, पलंग होता तिथंच." थोडं थांबून त्याने विचारलं, "पण ताई, खाण तर बंद हाय. मंग कशानं पडली?"

गोठ्यातलं यंत्र अजून चालू होतं. दुसऱ्या दिवशी मी तिथे जाऊन डेटा काढला. लहानसा धक्का होता, मेमधल्यासारखाच. एरवी त्याने काही झालं नसतं. पण पावसाने भिंत फुगली होती, सुरुंगांनी आधीच सैल केली होती. कोणाचा वाटा किती ते मला आजही मोजून सांगता येणार नाही.

मागच्या खोलीत गुडघाभर दगड आणि चिखल पडला होता. रमेश घमेल्याने तो बाहेर काढत होता. मी लॅपटॉप उघडून त्याला ती रेघ दाखवली. त्याने घमेलं खाली ठेवलं, नीट पाहिलं. थोड्या वेळाने माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

मग पाड्यातल्या बाकी जुन्या घरांची तपासणी झाली. रिपोर्टमधल्या दुसऱ्या वाक्याप्रमाणे, पण भिंत पडल्यानंतर. काही कुटुंबांनी घराचा मागचा भाग उतरवला. शाळेची भिंत पाडून नवी बांधली. धक्के पावसानंतर कमी होत गेले आणि थांबले. का थांबले, ते सांगता येत नाही.

सुमनकाकू दिवाळीच्या आधी गेल्या. आजारानेच, झोपेत. मी भेटायला गेले तेव्हा काका पडवीत त्याच पलंगावर बसले होते.

"शांत गेली, बाय," ते म्हणाले. "लोकं बोलतात, भिंत पडली तेव्हाच गेली असती तर सुटली असती. मी त्यांना काय बोलू. तेवढं दिवस ती हितं पडून अंगण बघत होती. कोंबड्या बघायची. पोरांना बघायची. ते काय कमी हाय?"

मी त्यांच्याजवळ बसून राहिले.  पृथ्वीच्या पोटात काय कधी झालं हे आम्ही कोटी वर्षांच्या फरकाने सांगतो आणि ते चालतं. एका खोलीतल्या भिंतीचं काय होणार हे आधी सांगता येत नाही. पलंग मात्र हलवता येतो.

आता यंत्र बसवायला कुठेही गेले की त्या घरात कोण कुठल्या भिंतीला टेकून झोपतं ते आधी बघते. खडक नंतर शोधते. तो कुठे जात नाही.